तुमचं तेल, माझं पाणी

दाजी,

तुम्हाला जाऊन महिना होत आला. त्यातले तीन आठवडे मी तुमच्यासाठी धड रडलो नव्हतो. नांदेडला तुमच्या दारात आलो तेव्हा माणसं रडत होती, आक्का भिंतीला टेकून बसली होती. माझी नजर मात्र फोटोवर न जाता अंगणातल्या जीपवर जात होती, आणि लोकांची नजर माझ्यावर होती. सगळे ज्याच्याकडे संशयाने बघतात त्याला रडता येत नाही. रडला तर म्हणतात, मनात काहीतरी खातंय म्हणून रडतोय.

आता हे लिहून राहिलो. तुमच्याशी बोलताना माझं एक वाक्य कधी पुरं झालं नाही. तुम्ही मधेच "ते खरं हाय, पण तेल..." म्हणायचात आणि माझं पाणी तिथंच अडायचं. आता तरी मला पुरं करू द्या.

तुम्ही डिझेल पंपाचे आणि टर्बोचे मिस्त्री, मी लातूरला रेडिएटरचं दुकान टाकून बसलेलो. मला पाण्याच्या धंद्यात घातलं तुम्हीच. बारावी नापास होऊन तुमच्या घरी राहायला आलो, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि आक्काला म्हणालात, "गौतमला रेडिएटरला घालतो. तेलाच्या कामाला संशयी डोकं लागतं. ह्याला कुणीबी काहीबी सांगितलं की खरं वाटतंय." आक्काला ते लागलं होतं, मला नाही. मला पुढं कळलं की तुम्ही माझी सोय केली होती, आणि टोमणा मारल्याशिवाय सोय करणं तुम्हाला जमत नव्हतं. आज माझं दुकान आहे, त्यावर घर चाललंय, ते त्या दिवसामुळं. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही विचारलं असतं, "काय काम हाय?"

आपलं भांडण सुरू झालं ते तुमच्या जीपमुळं. मूळची ती बिगरटर्बोची. सहा माणसं बसली की चढाला कण्हायची. तुम्ही मोडीत निघालेल्या एका गाडीचा टर्बो आणलात आणि चार दिवस खपून तिला बसवलात. आक्का चहा घेऊन आली आणि म्हणाली, हे गोगलगाईसारखं काय हाय? तुम्ही तिला समजावलं, "इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो ना, त्याच्यावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर पलीकडं दुसरा पंखा हाय, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. चुलीला फुंकणी मारल्यावानी."

"मग तापत असंल की लई."

"तापतंय ना. लालबुंद होतंय."

"मग त्याला गार कोण करतंय?"

तुम्ही म्हणालात "तेल" आणि त्याच वेळी मी म्हणालो "पाणी". आक्काने कपबशा उचलल्या आणि आत गेली. तिला तेव्हाच कळलं असणार की हे आता मरेपर्यंत चालणार.

त्या टर्बोच्या मधल्या भागात, जिथं तो दांडा फिरतो, तिथं पाण्यासाठी दोन भोकं होती. बनवणाऱ्यानेच ठेवलेली. तुम्ही दोन्हींत बोल्ट मारून ती बुजवली आणि नुसती तेलाची लाइन जोडली.

"दाजी, बनवणाऱ्यानं ती भोकं हौस म्हणून पाडली का?"

"दांडा तेलावर तरंगतो. तेलच त्याचं वंगण, तेलच त्याचा गारवा. पाण्याचं तिथं काय काम?"

"गाडी चालू हाय तोवर ठीक. बंद केली की तेलाचा पंप थांबला. तेल जिथल्या तिथं उभं. अन् तो तापलेला लोखंडाचा गोळा त्याला भाजत बसतो. तेल जळून काजळी होती अन् दांडा धरती."

"म्हणून बंद करायच्या आधी दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. तेल फिरत राहतं, टर्बो गार होतो. फुकटचं औषध."

"माणूस विसरतो, दाजी. पाणी न्हाई विसरत. इंजिन बंद झालं तरी गरम पाणी आपलं आपण वर चढतं, गार खाली येतं, उष्णता घेऊन जातं."

"अन् तुझा पाइप फुटला तर? नुसत्या टर्बोचं न्हाई, आख्ख्या इंजिनाचं पाणी रस्त्यावर. एका टर्बोपायी इंजिन जाळू का?"

यात तुमचंही खरं होतं. तेव्हा मान्य केलं नाही, आज करतो. जितके जोड जास्त तितक्या गळतीच्या जागा जास्त. पण रेडिएटरवाल्याने हे तेलवाल्यापुढं कसं कबूल करावं? तुम्हाला मी धंद्यासाठी बोलतोय असं वाटायचं आणि मला तुम्ही हट्टासाठी. दोघांचाही संशय थोडा थोडा बरोबर होता.

मग शिरूर अनंतपाळचं लग्न आलं. जाताना जीप तुमच्या मुलाने, विशालने चालवली. नांदेडहून एका दमात, पाय खाली दाबून. मांडवासमोर आला, किल्ली फिरवली आणि मित्रांना भेटायला पळाला. दोन मिनिटं कुठली, दोन सेकंदसुद्धा नाहीत. परतीला मागून निळा धूर, तेल जळत असल्याची खूण. दुसऱ्या दिवशी टर्बो उघडला तर दांड्यावर काजळीचा थर, दुधाचं पातेलं करपल्यासारखा. 'मी सांगितलं होतं' हे माझ्या तोंडावर दिसलं असणार. तुम्ही पाना खाली ठेवला आणि म्हणालात, "गौतम, खरं सांग. विशालला तूच सांगितलंस ना, पोचल्याबरोबर बंद कर म्हणून?"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

मी सांगितलं नव्हतं, दाजी. तेव्हाही हेच म्हणालो, आजही हेच म्हणतो. तुम्ही मान डोलावली, पण ती पटल्याची मान नव्हती. मला ते फार लागलं. ज्यांच्या घरी मी दोन वर्षं जेवलो ते मला इतकं हलकं समजतात, असं वाटून महिनाभर मी तुम्हाला फोनसुद्धा केला नाही. शेवटी तुम्हीच आलात. एका सकाळी लातूरला, औसा रोडवर माझ्या दुकानासमोर जीप उभी, आत पोत्यात गुंडाळलेला दुसरा टर्बो. उतरायच्या आधीच म्हणालात, "बसव तुझं पाणी. पण माझा संशय जाणार न्हाई."

त्या दिवशी तुम्ही स्टूल टाकून समोर बसलात ते संध्याकाळपर्यंत उठला नाहीत. पाइप कुठला, कुठून वाकवला, वरचा पाइप मधेच खाली झुकत तर नाही ना, तिथं हवा अडकेल. हे सगळं तुम्हाला माहीत होतं. पाण्याला नावं ठेवणाऱ्या माणसाला पाण्याचं इतकं बारीक ज्ञान कुठून, असं मला तेव्हाच वाटलं. प्रत्येक क्लॅम्प मी आवळला की तुम्ही उठून आपल्या हाताने पुन्हा आवळून बघत होता. सगळं झाल्यावर आपण किल्लारीपर्यंत चक्कर मारली. येताना गाडी तुमच्या हातात होती. दुकानासमोर थांबलात, इंजिन चालू ठेवलं, घड्याळ बघितलं आणि दोन मिनिटांनी किल्ली फिरवली.

"आता कशाला दोन मिनिटं?" मी विचारलं.

"तुझं पाणी नवीन हाय. माझी सवय जुनी."

त्यानंतर दर आठवड्याला तुमचा फोन. "पाणी कमी झालंय."

"किती?"

"दोन बोटं."

कधी दोन, कधी दीड. मी नांदेडला येऊन बोनेट उघडायचो, खाली झोपून एकेक जोड बघायचो. कुठं थेंब नाही, कुठं डाग नाही. मी कूलंटच्या बाटलीवर पांढऱ्या रंगाने खूण केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, खुणेखाली गेलंय. मी आक्काला विचारलंही, दाजी रोज बोनेट उघडून काही करतात का? मला खात्रीच झाली होती की तुम्ही स्वतः पाणी काढून राहिलात. आक्का म्हणाली, "तुम्हा दोघांना दुसरं काम न्हाई का?" मी येत राहिलो. दर खेपेला जेवून जात राहिलो. पूर्वी सणासुदीला येणारा मी पंधरा दिवसांनी येऊ लागलो, हे माझ्या लक्षात यायलाही बरेच महिने लागले.

आणि मग तो दिवस.

किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहाचा जनरेटर बिघडला होता, तो दुरुस्त करायला तुम्ही एकटेच जीप घेऊन गेलात. काम झालं, तिथंच जेवलात आणि परत निघालात. दुपारी आक्काला तुमचा फोन आला. काय बोललात ते आक्काने सगळ्यांना सांगितलं. "गाडी गरम झाली. गौतमच्या पाण्यानं दगा दिला. थांबलोय रस्त्यात. थंड झाली की निघतो." आक्का म्हणाली, घाई करू नका, सावलीत बसा, गाडी गार होऊ द्या. त्यानंतर दोन तासांनी किनवटच्या दवाखान्यातून फोन आला. हार्ट अटॅक. पोचायला उशीर झाला होता.

तुमच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी गेले, पांढऱ्या कपड्यांतली माणसं जेवायला बसली. मी वाढायला भात घेतला तर विशालने माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं. सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाला, "मामा, तुमचं पाणी नसतं तर पप्पा तेव्हाच गाडी काढून दवाखान्यात गेले असते. गाडी बंद पडली म्हणून ते तिथं बसून राहिले."

पंगतीत कुणी मान वर केली नाही. मी आक्काकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती.

"मला गाडी बघू दे," मी म्हणालो.

"हात लावू नका. मी बाहेरचा मिस्त्री आणून दाखवणार हाय." विशाल बँकेत काम करतो, कागद आणि पुरावा त्याच्या डोक्यात पक्का. ट्रकवर घालून आणलेली जीप त्याने सुरूसुद्धा करून बघितली नव्हती. तिच्यावर ताडपत्री टाकली होती आणि किल्ली आक्काच्या कपाटात ठेवली होती.

गाडीला हात लावायचा नाही, तर गाडी जिथं थांबली ती जागा तरी बघावी म्हणून मी नांदेडहून किनवटची रेल्वे धरली. वसतिगृहात पोचलो. तुम्हाला दवाखान्यात नेणाऱ्या बाई तिथंच स्वयंपाकाला आहेत, गंगाबाई. तुम्ही त्यांच्या हातचं जेवला होता. त्यांनी मला रस्त्यावर नेलं, सागाच्या झाडांखाली, वळणाच्या अलीकडे.

"हितं," त्या म्हणाल्या. "मी दुकानात मीठ आणायला चालले होते. जनरेटरवाल्यांची जीप उभी दिसली. मी बघितलं तर त्यांनी हात वर केला. मला वाटलं, जेवण जड झालं असंल, बसले असतील घडीभर. अर्ध्या तासानं परत आले तर जीप तिथंच. चालू."

"चालू?"

"हाव. इंजिन चालू होतं. जातानाबी चालू, येतानाबी चालू."

मी त्यांना पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. त्या जरा रागावल्याच. "अवो, चालूच होतं. मी जवळ गेले तर घामानं निथळत होते, डोकं स्टिअरिंगवर. वसतिगृहाची गाडी बोलावली. त्यांना उतरवायचं म्हणून मी किल्ली धरली, तर माझा हात धरला त्यांनी. म्हणाले, एकदम बंद करू नका, बाई. दोन मिनिटं."

"आणि बोनेट? गाडीचं पुढचं झाकण? उघडं होतं का?"

"न्हाई. लावलेलं होतं."

दाजी, मी तिथं रस्त्याच्या कडेला खाली बसलो. गंगाबाईंना वाटलं चक्कर आली, त्या पाणी आणायला निघाल्या. चाळीस वर्षं इंजिनात हात घातलेला माणूस, त्याची गाडी तापते आणि तो बोनेट उघडत नाही? पाणी संपलेलं इंजिन अर्धा तास चालू ठेवून बसतो? तुमच्या त्या दोन मिनिटांचं मला नवल वाटलं नाही. अर्धा तास एका जागी उभी असलेली गाडी, टर्बो केव्हाच गार झालेला, तरी तुमची सवय. पण बाकीचं काहीच जुळत नव्हतं. एकतर गंगाबाई चुकत होत्या, नाहीतर आक्काने चुकीचं ऐकलं होतं, नाहीतर तुम्ही खोटं बोलला होता.

परत आलो आणि आक्काकडे किल्ली मागितली. तिने कपाट उघडलं, किल्ली हातात घेतली आणि बराच वेळ दिलीच नाही. "बघून काय करणार?" म्हणाली. मला तेव्हा तिचाही संशय आला. नवरा गेलेल्या बहिणीचा संशय येतो, इतका मी तुमच्या तालमीत तयार झालो होतो. शेवटी तिने किल्ली माझ्या हातात न देता विशालच्या हातात दिली.

विशालने ताडपत्री काढली आणि मोबाइल समोर धरून शूटिंग सुरू केलं. "करा आता काय करायचं ते. सगळं रेकॉर्ड होऊन राहिलंय."

मी बोनेट उघडलं. बाटलीतलं पाणी माझ्या पांढऱ्या खुणेला बरोबर टेकलेलं. मी त्याला कॅमेरा जवळ आणायला लावला. रेडिएटरचं झाकण काढलं, काठोकाठ. टर्बोचे दोन्ही पाइप हाताने चाचपले, क्लॅम्प बघितले, खाली झोपून बघितलं. कोरडं. हवेचा पाइप काढून आत बोट घातलं आणि पंखा फिरवला. लोण्यासारखा फिरला. दांड्याला हलवून बघितलं, खडखड नाही. बोट बाहेर काढलं तर काजळी नाही, निळ्या धुराचं तेल नाही. इतका निरोगी टर्बो मी वर्षभरात बघितला नव्हता.

"चालू कर," मी विशालला म्हणालो.

"मी?"

"तूच. माझा हात नको लागायला."

पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. आम्ही दोघं काट्याकडे बघत उभे राहिलो. दहा मिनिटं, पंधरा, वीस. काटा मधे येऊन थांबला तो हलला नाही. विशालने मोबाइल केव्हा खाली घेतला ते मला कळलं नाही. त्याचा चेहरा लहान झाला होता.

"मामा, मग पप्पा आईला खोटं बोलले?"

मी काय सांगणार होतो? जोडात हवा अडकली असेल, मग सुटली असेल, असं काहीतरी तोंडापर्यंत आलं होतं. माझ्यावरचा आळ राहिला असता तर राहिला असता. पण मागून आक्का बोलली. ती दारात येऊन कधी उभी राहिली ते आम्ही बघितलं नव्हतं.

"गाडी बंद कर, विशाल. ऐकू येत न्हाई."

त्याने किल्ली फिरवली. अंगण एकदम शांत झालं.

"मला फोनवरच संशय आला होता," आक्का म्हणाली. "तुझ्या पाण्याला शिव्या घालायच्या म्हणजे ते केवढ्यानं बोलायचे, गौतम. शेजारची माणसं बाहेर यायची. त्या दिवशी हळू बोलले. दम खाऊन बोलले. मला वाटलं विचारावं, तुम्हाला बरं हाय ना? मग वाटलं, इथं एवढ्या लांबून विचारून काय करू, उगंच घाबरतील. गाडीचं सांगून राहिले, तर गाडीचंच असंल." ती उंबऱ्यावर बसली. "मी त्यांना सावलीत बसा म्हणाले. गाडी गार होऊ द्या म्हणाले. गाडीलाच काही झालं न्हाई म्हटल्यावर मी त्यांना कशासाठी बसवून ठेवलं रे?"

विशाल तिच्याजवळ गेला. तिने त्याचा हात बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझ्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले. गाडी बिघडली होती असं सगळे म्हणत होते, ते मला बरं वाटत होतं."

मला राग यायला हवा होता. तीन आठवडे मी खाली मान घालून वावरलो. लातूरच्या दुकानात गिऱ्हाईक आलं तरी वाटायचं, ह्यालाही कळलं असेल. पण राग येईना, कारण मीसुद्धा काहीतरी लपवत होतो, दाजी. मी निर्दोष ठरावं म्हणून ती जीप उघडायला धडपडत होतो, असं विशालला वाटलं, पाहुण्यांना वाटलं. खरं उलटं होतं. मला पाइप फुटलेला सापडायला हवा होता. देवाधर्माचं मी काही मागत नाही, पण बोनेट उघडताना मी मनात एवढंच म्हणत होतो, पाणी सांडलेलं असू दे. माझा जोड निघालेला असू दे. माझीच चूक असू दे.

मी खिशातून फोन काढला आणि आक्कासमोर धरला. तुमचं नाव, त्या दिवसाची दुपार, लाल अक्षरं. आक्काला लावायच्या चार मिनिटं आधी तुम्ही मला लावला होता. मी एका ट्रकचा रेडिएटर उतरवत होतो. स्क्रीनवर "दाजी" दिसलं. मी गिऱ्हाइकाला हसून म्हणालो, "आली तक्रार," आणि आवाज बंद करून फोन उलटा ठेवला. जेवण झाल्यावर लावू म्हटलं. जेवण झाल्यावर विशालचा फोन आला.

गाडी खरोखर तापली असेल तर तुमचा तो फोन पाण्याच्या तक्रारीचा होता. मग मी काही मोठं चुकवलं नव्हतं. गाडी ठीक होती, तर मग तो फोन कशाचा होता?

हे मी आक्काला सांगितलं. सगळं, गिऱ्हाइकाला हसून काय बोललो तेसुद्धा. विशाल खाली बघत राहिला. आक्काने माझ्या फोनकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "त्यांचा फोन माझ्यापाशीच हाय. माझ्या नावाच्या आधी तुझं नाव हाय त्यात."

"मग विशालला का न्हाई सांगितलंस?"

"एक आळ काय कमी होता तुझ्यावर?"

तेव्हा मी रडलो, दाजी. तुमच्या जीपच्या बंपरला धरून, तुमच्या पोरासमोर, वयाची लाज न ठेवता. विशालने आतून पाण्याचा तांब्या आणला. तो तिथंच उभा राहिला, गेला नाही. संध्याकाळी त्याने मला थांबवून घेतलं आणि जेवताना माझ्या ताटात स्वतः भात वाढला.

लातूरला परत येऊन चार दिवस झाले. दुकान उघडतो, काम करतो. आक्काला रोज फोन करतो, ती काय जेवली ते सांगते, मी काय जेवलो ते विचारते. त्या दुपारबद्दल आम्ही बोलत नाही. पण माझ्या डोक्यात ते चालूच आहे. मी फोन उचलला असता तर तुम्ही काय बोलला असता? कधी वाटतं, तुम्ही म्हणाला असता, गौतम, छातीत दुखतंय, आक्काला सांगू नको, कुणाला तरी पाठव. मग मी किनवटला कुणाला तरी फोन केला असता, तो अर्धा तास वाचला असता, तुम्ही आज मला तेल-पाण्यावरून बोलत असता. हे खरं असेल तर मला पुढं कसं जगायचं ते कळत नाही.

पण मी तुम्हाला ओळखतो. दोन वर्षं तुमच्या घरी जेवलो आहे. दुखतंय हे शब्द तुमच्या तोंडून कधी कुणी ऐकले? आक्काला नाही सांगितलं, ते मला सांगितलं असतं? तुमच्यावर माझा पक्का संशय आहे, दाजी, की मी फोन उचलला असता तरी तुम्ही मला खोटंच सांगितलं असतं.

तेवढा एक संशय माझ्यापाशी राहू द्या.